खारीचे पाय

पानायचा फोटो नका काढू, ताई. मी पान्यात टाकतो तवाचा काढा — माह्याच मोबाइलवर. बाबाले पाठवाचा हाय, सबूत पायजे म्हने त्यायले. — हाव, मीच काढले हे सगळे चित्रं. एकशे बारा पानं. कॉलेज सोडलं तवापासून दोन वर्षं हेच करून राह्यलो. चित्रायची कादंबरी समजा. या तळ्यात मासोळी जगत नाई, पानी लय खारं — मंग मी म्हनलं, मासोळी नाई त मासोळीची मानसं ठेवू. कमरेखाली शेपटी. लेकरू जन्मलं का म्हातारे त्याच्या खवल्यावर नशीब कोरून देतात — तू पहारा देशीन, तू अंडे राखशीन, बस. अन् ही पोरगी, खारी नाव तिचं, ते खवलंच उपटून फेकते. — आवडली तुमाले? घरी कोनाले नाई आवडली. बाबा रद्दी म्हनतात.

टाकतो काऊन? सांगतो, बसा. माही बहीन राखी पैल्या बाळंतपनाले आमच्याकडं आली, सुलतानपूरले. पोरगी झाली. डावा पाय जन्मताच आत वळेल होता. दवाखान्यातल्या सिस्टरनं पैल्याच दिवशी सांगतलं — बुलढान्याले न्या, आठवड्या-आठवड्याले प्लास्टर बदलतात, पाय सरळ होते, पन उशीर नका करू. आमची मोठीमाय वच्छलाबाई — बाबाची भावजय, तिच्यापुढं बाबाचं तोंड उघडत नाई — ती म्हनली, तेलानं मालिश करू, होते. मंग पाचवी आली. त्या राती सटवाई येते न लेकराचं नशीब लिहाले, पाटावर कोरा कागद अन् पेन ठेवतात — सकाळी मोठीमायनं तो कागद उचलून उलटा केला, त मांगून माह्या खारीचं चित्र. काठावर बसेल. पाय नाई, शेपटी. झालं. सटवाईनंच दाखवलं म्हने, पोट्टी लंगडी राहीन. अवो, पाय पाचवीच्या आधीच वाकडा होता — मी किती खेपा सांगतलं, राखी रडून रडून सांगे. पन या म्हाताऱ्यायले सिस्टर खोटी अन् कागद खरा. जावई? तो त मोठीमायच्या हो ले हो लावते.

मंग सौदा झाला. ते पान अन् त्याच्यासंगं सगळी रद्दी मी तळ्यात टाकाची, की लगेच बाबा पोरीले बुलढान्याले नेतीन. आजच. गाडी सांगून ठेवली म्हनले. तेवीस दिवसाची झाली ती. — चौकीदारानं वर पिशवी काढून घेतली, प्लास्टिकची होती म्हनून. कागदाले काई नाई म्हनला.

पाटावर कोनं ठेवला? मोठीमायनंच ठेवला. पन — मांगतला मले होता न. कोरा दे म्हने. बाबा खाटेवरून म्हनले, 'दे न त्या रद्दीतला एखांदा.' मले राग आला. मंग रद्दीतलाच देला. मुद्दाम. शेवटचं पान, सगळ्यात चांगलं. एका बाजूनं त कोराच होता. — राखीले मालूम नाई अजून. तुमाले काऊन सांगून राह्यलो काय मालूम.

हे पाहा ते पान. हाव, पाय हायत. दोन. सरळ. शेपटी खोडून काल पेन्सिलनं काढले. माहा असल्या गोष्टीवर विश्वास नाई, ताई. रत्तीचा नाई. — काढले पन.

धरा मोबाइल. पान्यासंगं माहं तोंड आलं पायजे, नाईतर म्हनतीन दुसऱ्याचा फोटो पाठवला. — पाहा, बुडतबी नाईत, तरंगून राह्यले. काढला? आना इकडं. गेला. पाह्यला त्यायनं. लिहून राह्यले काईतरी.

थांबा.

'मोठीमाय म्हनते, आता पाच मंगळवार पाहू.'

जा तुमी, ताई. वर चढाले टाइम लागते.