गाठी नसलेला भुईमूग

निपाणीहून संकेश्वरला निघालेल्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर एक आत्ती आणि शेतकी कॉलेजातली तिची भाची बोलत होत्या.

“आत्ती, औंदा तुझा भुईमूग पिवळा का पडला, कळलं. बी कुठलं धरलं हुतंस?”

“मुळाला गाठी नसलेल्या झाडाचं. गाठी म्हंजे रोग न्हवं?”

“अगं, त्या गाठीच हवेतला नत्र धरून झाडाला खत देतात! तुझ्या झाडात गाठी धरायचा जीनच बिघडलाय. असलंच झाड आमी शोधत हुतो. चांगल्याशी ताडून बघितलं की तो जीन सापडंल. लई उपकार झाले तुझे.”

“माझे कशाचे, पूर्णिमे? इतकी वर्सं त्यांनी माझं रान पोसलं, आनि मी त्यास्नी रोग म्हणत आले.”

“रडतीस का गं?”

“रडत न्हाय. उतरल्यावर एक नारळ घेऊ. गाठींच्या नावानं रानात फोडते.”