शेऱ्याची चौकट

प्रज्ञा : आणि हे खाली काय लिहिलंयस? शेऱ्याच्या चौकटीत?

निनाद : ते माझ्यापुरतं होतं गं. मराठीत आहे. लीगलच्या मरियमला कुठे वाचता येतंय?

प्रज्ञा : मला येतं ना. 'काका भारी आहेत, पण वय झालंय.' निनाद, मी या बँकेची एचआर आहे. टेक्निशियनच्या इंटरव्ह्यूचा हा कागद फाइलला लागतो.

निनाद : मग फाडून टाक. नवीन भरतो. यल्ला, चल, दोन मिनिटांचं काम.

प्रज्ञा : सही झालीय तुझी. आता याचा कोपराही फाटणार नाही.

निनाद : पण खोटं काय लिहिलंय? पहिली नोकरी त्र्याण्णवला. म्हणजे पंचावन्नच्या आसपास. फॉर्ममधून तू जन्मतारीख काढून टाकलीस, तरी हिशेब लागतोच की.

प्रज्ञा : हिशेब लागू नये म्हणूनच काढली ना ती ओळ!

निनाद : बाहेरच्या जाहिराती बघ जरा. 'पस्तिशीच्या आतला हवा, फोटो जोडा.' सगळे तेच करतात.

प्रज्ञा : पुलापलीकडे काय चालतं ते मला सांगू नकोस. हे बेट फ्री झोन आहे, इथला नोकरीचा कायदा वेगळा. वयावरून माणूस नाकारायचा नाही, असं त्यात सरळ लिहिलंय. राजन साळसकर तक्रार घेऊन गेले, तर पहिला पुरावा तुझ्या अक्षरातला.

निनाद : ते कशाला तक्रार करतायत? साधा माणूस आहे.

प्रज्ञा : साधा आहे म्हणून चालेल? शारजाहून, अल नहदातून पहाटेच्या बसने आलेत. जुनी कंपनी बंद पडली, व्हिसाचे अठरा दिवस उरलेत. मार्क वाच. मोठ्यानं.

निनाद : तीसपैकी सत्तावीस.

प्रज्ञा : आणि तो दुसरा, रुहान?

निनाद : एकोणीस. पण पोरगा चटपटीत आहे.

प्रज्ञा : चटपटीतपणाचा रकाना दाखव मला. खाली एसी प्लांटवर दोघांची चाचणी घेतलीस, तिथे काय झालं?

निनाद : काकांनी दोन नंबरच्या पंपावर नुसता हात ठेवला. म्हणाले, याचं बेअरिंग जायला आलंय. मीटर लावला तर खरंच. रुहान त्याच पंपाला ओके म्हणून पुढे गेला होता.

प्रज्ञा : मग अडतंय कुठे? खरं सांग.

निनाद : मी बत्तीसचा. ते समोर बसतात ना, अगदी बाबांसारखे, मांडीवर हात ठेवून. त्यांना मी कसं सांगू, हे करा, ते का नाही केलं?

प्रज्ञा : हां. म्हणजे अडचण तुझी आणि शेरा त्यांच्या कागदावर.

निनाद : ...पेन दे.

प्रज्ञा : खोडायचं नाही हं.

निनाद : खोडत नाही. खाली लिहितो. 'वरचा शेरा चुकीचा. निवड गुणांवर.' इंग्लिशमध्येही लिहू?

प्रज्ञा : लिही. मरियमलाही कळू दे. (दार उघडत) राजनजी, या ना आत.

राजन : येऊ का मॅडम? परतीच्या बसला अजून वेळ आहे, घाई नाही.

निनाद : बसा काका... म्हणजे, राजनजी. तुमची निवड झालीय. फक्त, रिपोर्टिंग तुम्हाला माझ्याकडे करावं लागेल. चालेल?

राजन : हो... हो सर. न चालायला काय झालं?

निनाद : सर नको. निनाद म्हणा.

राजन : बरं. मग निनाद, ते बेअरिंग आजच मागवा. पंधरा दिवसांच्या वर तो पंप टिकायचा नाही.