बाळ लहान राहावं म्हणून

गोजाबाई: अगं बोल की! मघापासून विचारते. काय म्हणाला डॉक्टर?

चंदा: टेपनं डोकं मापलं त्याचं.

(साखरशेतमधलं घर. तीन वर्षांच्या माघ्याला जव्हारला दाखवून चंदा आत्ताच परतलीय. सासू चुलीपाशी नागलीच्या भाकऱ्या करतेय. वाटेत आपल्याला रडू येईल असं चंदाला वाटलं होतं. आलं नाही.)

गोजाबाई: मंग?

चंदा: वयाच्या मानानं लहान आहे म्हणाले. वाढलंच नाही.

गोजाबाई: घ्या! त्याच्या बापाचं तरी कुठं मोठं हाय? देवराम पण उशिराच बोलला.

चंदा: ते उशिरा का होईना, बोलले. माघ्या हाक मारली तरी बघत नाही.

गोजाबाई: कानात काय असंल.

चंदा: कान तपासले. चांगले आहेत. पोटात असताना आणि पहिल्या दोन वर्षांत मेंदू भरभर वाढतो म्हणे. तेव्हा आईच्याच अंगात काही नसलं, तर बाळाला कुठून मिळणार? मग मला विचारलं, बाई, तू काय खात होतीस?

गोजाबाई: तू काय सांगितलंस?

चंदा: खरं ते. अर्धी भाकर, वर पाणी. अंगणवाडीतलं ताट घरी आणायचे, ते सगळ्यांत वाटलं जायचं.

गोजाबाई: माझं नाव सांगितलंस?

चंदा: नाही.

गोजाबाई: सांगायचं होतंस. मीच म्हणायची, कमी खा, बाळ लहान राहील, सुखानं सुटशील. उपाशी मारायला नाय गं म्हणायची! माझ्या रंजनाला मी पोटभर घातलं. पहिलटकरीण लेक, लाडाची. बाळ मोठं झालं, अडलं. डोलीत घालून नेली, घाटातच गेली. दोघं पण गेली. तुझं ताट भरलं की मना तीच दिसायची.

चंदा: माहिती आहे.

गोजाबाई: मंग शिव्या तरी दे ना मना!

चंदा: येत नाहीत, आत्या. काहीच येत नाही.

गोजाबाई: औषध दिलं काय?

चंदा: खाऊ घाला, बोला, खेळवा म्हणाले. थोडं सुधारेल. सगळं नाही.

गोजाबाई: देवा रे!

चंदा: आत्या, मला परत दिवस गेलेत.

गोजाबाई: अगं बाई! कधी?

चंदा: आज तिथंच कळलं. भाकर करपतेय बघा.

गोजाबाई: करपू दे. परत अडलं म्हंजे? सांग ना, अडलं म्हंजे काय करू मी?

चंदा: दिवस भरायच्या आधीच मला जव्हारला दवाखान्यात नेऊन ठेवा. पण ह्याला पोटात उपाशी नाही ठेवणार मी.

गोजाबाई: भातलावणीतच भरतील गं दिवस. कामं टाकून तुझ्यासंगती कोण बसंल तिथं?

चंदा: तुम्ही.

गोजाबाई: …बसेन. राहिली लावणी तर राहिली. ये, बस इथं. ही घे, अख्खी हाय.

चंदा: भूक नाही.

गोजाबाई: माझा राग अन्नावर नको काढू, पोरी.

चंदा: राग नाही, आत्या. माघ्याच्या वेळेपासून भूक लागतच नाही मला.

गोजाबाई: मंग काय करू? ठेवू बाजूला?

चंदा: नको. वाढा. खाते.