हातातली की पायातली

१९९७ साली उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये हृदयाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. बदलापूरचे दिनानाथ आणि त्यांच्या पत्नी वृंदाताई केबिनमधून बाहेर येऊन शेजारी बसले. दिनानाथांची बायपास ठरली होती. त्यासाठी रक्तवाहिनी पायातली घ्यायची की डाव्या हातातली, ते या दोघांनी सांगायचं होतं.

“पायातलीच सांगू या,” दिनानाथ म्हणाले. “सत्तरीत ती चालेल म्हणाले ना?”

“हातातली जास्त टिकते, असंही म्हणाले.”

“पायातली दहा वर्षं जाईल. बास झालं की.”

“तुम्हाला त्या हाताचं एवढं काय हो?”

“अगं, लग्न झालं तेव्हा मी अंबरनाथला कारखान्यात होतो. सुटीला तुला सायकलवर पुढे बसवून शिवमंदिरात न्यायचो. आठवतं?”

“न आठवायला काय झालं! लोक टकामका बघायचे. मी मान वर करत नव्हते.”

“उजव्या हातात हँडल असायचं आणि डाव्या हातात तू.”

“इश्श! हळू बोला.”

“त्या हाताला सुरी लावू द्यायची नाही मला.”

“आणि सायकल कुणी मारली? पायांनीच ना?”

“पाय कधीच रिटायर झाले.”

“अहो, खरं सांगू? दहा वर्षं मला नाही पुरायची.”

नर्सनं दारातून विचारलं,

“काय ठरलं, आजोबा?”

“हातातली घ्या म्हणावं. हिला जास्त टिकणारी हवीय.”