प्रसादाची नानकटाई

मंडळी, आज एक साधंच विचारतो. आमटी खारट झाली तर घरात सांगता की नाही? सांगता! ताट सरकवून सांगता! हसू नका हो काका, तुमच्या घरची मंडळी मागंच बसलीत. पण प्रसाद बिघडला असला तर? गुपचूप गिळता. मग माया कशात — सांगण्यात की गिळण्यात? ऐका!

कराडात मंदाकिनीबाई म्हणून एक बाई. मुलाची, अविनाशची, कंपनी बंद पडली. सून शर्वरी म्हणाली, आपण घरीच केक, नानकटाई करून विकू. ओव्हन आला, खोकी आली. पहिली मागणी गल्लीतल्याच दीक्षितांची, मुलीच्या साखरपुड्यासाठी. सगळ्या घराचा जीव त्या मागणीत! पहिलाच माल वाईट निघाला, तर पुन्हा कोण विचारतंय?

बाईंचा नेम कडक. पहिला घाणा देवाला; तोवर कुणी कण चाखायचा नाही. आणि प्रसादाला नावं ठेवायची नाहीत! सुनेलाही त्यांनीच हे शिकवलेलं.

त्या सकाळी पीठ कालवून शर्वरी फोन घ्यायला आत गेली. बाईंनी परात पाहिली. पोरगी घाईत आहे, खायचा सोडा विसरली असणार! घातला चमचाभर. विचारलं का? छे! सासूनं सुनेला विचारायचं म्हणजे काय!

नानकटाई भाजून झाली, खोकी भरली, नैवेद्य झाला. सगळ्यांनी प्रसाद तोंडात टाकला — आणि मंडळी, साबण चावल्यासारखी चव! अविनाश म्हणाला, छान झालीय. आणि तांब्याभर पाणी प्यायला. शर्वरीनं हात जोडून गिळली आणि भरल्या डोळ्यांनी खोक्यांकडे बघत राहिली.

बाईंना कळलं, पोरीनं सोडा आधीच घातला होता! हिला कळलंय, पण ही बोलणार नाही. आपणच तिचं तोंड बंद केलंय! गप्प राहिलं तर नाव सुनेचं जाणार. बोललं तर आपला हात उघडा पडणार. बाईंनी भरलेली खोकी एकेक करून बाजूला काढली.

मग म्हणाल्या, "शर्वरी, कडू झालीय. मी पुन्हा सोडा घातला, तुला न विचारता."

"आई, प्रसादाला असं म्हणू नये."

"प्रसादाला नाही म्हणत गं. माझ्या हाताला म्हणतेय."

आणि बाई स्वतः दीक्षितांकडे गेल्या. चूक माझी, सुनेची नाही, म्हणून सांगितलं. दीक्षितवहिनी भडकल्या, ऐन वेळी कुठं धावू म्हणाल्या. भडकणारच! देवानं काही चमत्कार केला नाही, मंडळी. साखरपुड्यात दुकानातली बिस्किटं वाटली गेली.

दुसऱ्या दिवशी बाईंनीच पुन्हा परात मांडली. या वेळी सोड्याच्या डब्याला हात लावण्याआधी सुनेला विचारलं. नैवेद्य झाल्यावर प्रसाद तिच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "आता खरं सांग."

शर्वरीनं चाखली. चाचरत म्हणाली, "वेलदोडा जास्त झालाय, आई."

वेलदोडा बाईंनी स्वतः कुटून घातलेला! त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्या म्हणाल्या, "बरं. पुढच्या घाण्याला कमी घालू."

मंडळी, धंदा सुरू झाला तो त्या घडीला! ओव्हन आला तेव्हा नव्हे.

आता तुमचं सांगा. तुमच्या घरात कोण गप्प गिळतंय — तुम्ही रागावाल म्हणून? आज घरी गेलात की त्या माणसाजवळ बसा आणि विचारा. ते बोलायला लागलं की मधे तोंड घालू नका. शेवटपर्यंत ऐका. मला विचाराल, तर सगळ्या भक्तीत हेच अवघड आहे.