टोकाखालचा कातळ

बाबा: शेड उभीच्या उभी गेली गं. पडली नाही, मोडली नाही. लिफ्टमध्ये बसून खाली जावं तशी गेली.

ताई: बाबा, आधी ती किटली खाली ठेवा. पाणी सांडतंय पायावर.

बाबा: छपरावरचा झेंडा शेवटपर्यंत फडकत होता. मग तोही गेला. आवाज नाही, धडधड नाही. नुसते बुडबुडे आले. चिखलाचे.

ताई: ठेवा म्हणते ना किटली!

बाबा: ठेवली. ओरडू नकोस. सबंध आयुष्य त्या शेडमधून पायलट बोट काढली मी. बाहेरच्या समुद्रात जाऊन जहाजावर चढायचं, आणि ते धूड बोटाला धरून आखातात आणायचं. कधी खरचटलं नाही एकाला. आणि शेड... सकाळी होती ना रे ती?

धाकटा: होती बाबा. पाळी संपवून गाळ काढायच्या ड्रेजरवरून उतरलो तेव्हा होती. मी बघितली.

ताई: आत कोणी होतं का? नीट आठवून सांगा.

बाबा: आत कोण असणार? रोज जातो तो मीच. निवृत्त झालो तरी बोट पुसायला जातो म्हणून हसता ना तुम्ही? आज नाही गेलो. हे दार अडकलं. काही केल्या उघडेना. रंधा घेऊन बसलो.

ताई: परत?

बाबा: परत म्हणजे?

ताई: मागच्या आठवड्यात फोनवर सांगितलंत, दाराला रंधा मारला. त्याच्या आधी खिडकीला. आज परत दाराला.

बाबा: लाकूड फुगतं, बाई. समुद्राकाठी राहतो आपण, वाळवंटात नाही.

ताई: लाकूड नाही फुगलं. घर वाकतंय. चौकट तिरकी झालीय आणि तुम्ही तिची हजामत करत बसलायत. चला. पायात काहीतरी घाला आणि चला.

बाबा: कुठे चला?

ताई: वर. डोंगराकडच्या रस्त्यावर. गाडी उभी आहे. ओहोटी लागलीय, बाबा.

बाबा: ओहोटी तू मला शिकव आता. हे बघ, शेड होती अगदी कडेला, भरावावर. गेली. वाईट झालं. माझी बोट गेली, मला काय वाटतंय ते मला माहीत. पण घर भरावावर नाही. घरांची ही सगळी रांग समुद्रात घुसलेल्या या टोकाच्या पाठीवर आहे, कातळावर.

ताई: कोणी सांगितलं?

बाबा: सांगायला कशाला हवं? माझ्या बापाला माहीत होतं, त्याच्या बापाला माहीत होतं. शिडाच्या जहाजांच्या काळापासून वादळ आलं की सगळा ताफा याच टोकाच्या आडोशाला येऊन नांगर टाकायचा. कातळ असल्याशिवाय असा आडोसा होतो? भर सभेत सांगितलंय मी, बंदराच्या कंपनीच्या साहेबासमोर. शेजारच्या वहिनी गाठोडं बांधून लेकीकडे निघाल्या होत्या, मोठ्या जहाजांसाठी चॅनेल खोदतायत म्हणून घाबरून. मी सोडायला लावलं गाठोडं. म्हटलं, वहिनी, जहाज हलेल, हे टोक हलायचं नाही.

ताई: अरे देवा.

बाबा: देवाला कशाला मध्ये आणतेस? तू दगडांची डॉक्टरीण ना? बोल की दगडांवर.

ताई: बोलते. या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत आखाताच्या कडेने फिरायचं. कड्यांचा दगड कसा आहे?

बाबा: काळा.

ताई: सगळीकडे?

बाबा: सगळीकडे काळा. ज्वालामुखीचा. कॉलेजात होतीस तेव्हा जेवताना हेच ऐकवून डोकं खाल्लंयस तू.

ताई: आणि तुमच्या उंबऱ्याचा?

बाबा: लाल.

ताई: वहिनींच्या पायरीचा?

बाबा: पांढरा. पलीकडे पट्ट्यापट्ट्यांचाही आहे. मग?

ताई: मग हे एवढ्या जातीचे दगड या एकाच टोकावर आले कुठून? पायी आले?

बाबा: जहाजातून आले! हे काय नवीन शोध लावल्यासारखं विचारतेस? रिकामं शिडाचं जहाज समुद्रात डुलतं, उलटतं. म्हणून पोटात दगड भरून यायचं. इथे माल चढवायचा, त्याआधी दगड उतरवायचे. पाण्यात टाकले की बंदराचा अधिकारी कानाखाली वाजवायचा, आखात भरेल म्हणून. किनाऱ्यावरच टाकायचे. माझा पणजोबा त्या दगडांचीच हमाली करायचा. जगभरच्या किनाऱ्यांचे दगड त्याच्या खांद्यावरून उतरलेत. पण ते वर टाकले गं. कातळावर.

ताई: तो कातळ कोणी बघितला?

बाबा: म्हणजे?

ताई: साधं विचारतेय. पणजोबांनी बघितला? आजोबांनी? तुम्ही?

बाबा: दिसेल कसा? वर दगड आहेत ना.

धाकटा: ताई, पण कंपनीने बोअर मारले होते ना इथे. खडक लागला म्हणून... म्हणूनच तर चॅनेल टोकाला एवढं चिकटवून घ्यायची परवानगी मिळाली. नाहीतर मोठी जहाजं वळणार कशी?

ताई: खडक नाही लागला. दगड लागला. ट्रंकेएवढा एक दगड ड्रिलला लागला, ठण्णकन वाजला, आणि ते थांबले. खाली काय आहे बघायचे कष्ट कोण घेणार? लिहिलं खडक, काढला फोटो, गेले जेवायला. काल मी त्याच्या बाजूलाच मारला बोअर. थांबले नाही. दगड फोडून खाली गेले.

बाबा: आणि?

ताई: आणि दगड संपले. खाली चिखल. पाइप ढकलावा लागला नाही, बाबा. स्वतःच्या वजनानेच जात राहिला. माझ्या हातातून निसटला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो. इतक्या वर्षांत असं बघितलं नव्हतं मी.

बाबा: चिखल कसा असेल? चिखल इथे आला कुठून?

ताई: नदीचा. इथे समुद्र नव्हता तेव्हा नदी होती. समुद्र फार खाली होता, नदी डोंगर कापत त्याच्याकडे गेली. खोल दरी झाली. मग समुद्र वर चढला, दरी बुडाली. तेच तुमचं आखात. बुडालेल्या दरीत हजारो वर्षं गाळ बसत गेला, मऊ, पेजेसारखा. त्याच्यावर तुमच्या पणजोबांनी आणि त्यांच्यासारख्या शेकडो हमालांनी दगड ओतले. त्याच्यावर घरं आली. लोण्यावर विटा रचल्यात आपण.

बाबा: खोटं.

ताई: शेड कुठे गेली मग?

बाबा: ...एवढी वर्षं मग का नाही गेलं हे? माझा जन्म इथला. माझ्या बापाचा जन्म इथला.

ताई: कारण कोणी पायथ्याला हात लावला नव्हता. दगड टाकता टाकता कडेने खाली घसरले, पाण्यात पायथ्याशी साचले, त्यांचाच टेकू झाला. वरच्याला खालच्याने धरून ठेवलं.

बाबा: हे तू काल बघितलंस आणि आज येतेस?

ताई: काल संध्याकाळीच कंपनीच्या ऑफिसात गेले. बोंबलले. साहेब म्हणाला, मॅडम, एवढं मनावर घेऊ नका, सोमवारी बसू या. सोमवारी! म्हटलं, तुम्ही राहायला या तिथे सोमवारपर्यंत, पोराबाळांना घेऊन या. तर पाणी विचारतो मला, थंड देऊ की साधं. सकाळी उठून तुम्हाला न्यायला निघाले. वळणावर गाडी आली आणि समोर... मी पण बघितलं, बाबा. मला वाटलं, तुम्ही आत आहात. बोट पुसताय.

बाबा: रंधा मारत होतो.

ताई: हो. त्या दारानेच वाचवलं तुम्हाला.

धाकटा: ताई.

ताई: काय?

धाकटा: ते... पायथ्याचे दगड. कसे असतील?

ताई: टोकावर आहेत तसेच. का?

धाकटा: लाल?

ताई: लालही असतील. का रे? तोंड का असं झालंय तुझं?

धाकटा: खिडकीतले दगड बघ.

ताई: हे? हे कुठून आले?

बाबा: त्यानेच दिले, वाढदिवसाला. म्हणाला, बाबा, तुमच्या उंबऱ्याच्या जातीचे आहेत, बघा काय रंग आहे. छान घासून ठेवलेत मी. तेलाचा हात दिलाय.

ताई: मी याला विचारतेय. कुठून आणलेस?

धाकटा: ड्रेजरच्या बकेटमधून. चॅनेलच्या या बाजूला... गाळाबरोबर यायला लागले. आधी एखाददुसरा. मग बकेट भरून. वरून सांगितलं होतं, दगड आले तर बाहेर खोल समुद्रात नेऊन टाका, बोलू नका. मी बोललो नाही. मला वाटलं, जुन्या जहाजातून पडले असतील. चांगले चांगले बाजूला काढले. बाबांना आवडतील म्हणून.

ताई: अरे...

धाकटा: म्हणजे मी टेकू काढत होतो. बाबांच्याच घराखालचा. आणि त्यांनाच आणून दिला. वाढदिवसाला.

बाबा: मी तेल लावलं रे त्यांना.

(कपाटातली भांडी आपोआप किणकिणतात. बाहेर वारा नाही.)

ताई: ऐकलंत?

धाकटा: ड्रेजर चालू आहे! दुसऱ्या पाळीवाल्याने घेतलाय. तो आत्ता तिथेच... हॅलो! हॅलो, थांबव. मी बोलतोय. बंद कर सगळं. कारण विचारू नकोस! बकेट खाली आहे? मग तशीच राहू दे, उचलूही नकोस, अजिबात हलवू नकोस. साहेबाला सांग, मी सांगितलं. नोकरी गेली खड्ड्यात. टोकावर माझा बाप आहे रे. माझा बाप आहे टोकावर!

ताई: थांबला?

धाकटा: थांबला.

ताई: चला बाबा. आता तरी चला.

बाबा: नाही.

ताई: बाबा, मी तुम्हाला उचलून नेईन हं. ती वेळ आणू नका माझ्यावर.

बाबा: तुझ्या गाडीत बसून नाही जायचं मला. खिडकीतून बाहेर बघ. शेड गेली, सगळ्यांनी बघितली. कोणी घर सोडलंय? अंगणात कपडे वाळत घालतायत. का?

ताई: कारण...

बाबा: बोल की. कारण मी सांगितलं. कितीतरी जहाजांचे कप्तान डोळे मिटून माझं ऐकायचे, ही तर शेजारपाजारची माणसं. तू जाऊन ओरडलीस तर म्हणतील, आली दगडांची डॉक्टरीण. मला दारोदार जावं लागेल.

ताई: तेवढा वेळ नाही. पाणी जसजसं उतरेल तसा बाहेरून रेटा कमी होईल. आत्ता पाणीच धरून आहे टोकाला.

बाबा: तेच म्हणतोय. पाणी अजून धक्क्याच्या वरच्या पायरीपर्यंत आहे, म्हणजे ओहोटीचं नुसतं तोंड आहे. बोलण्यात घालवू नकोस. तू रस्त्याकडच्या घरांपासून सुरू कर. आजारी, म्हातारे तुझ्या गाडीत घाल. ए, तू मधली घरं घे. सामान घेऊ देऊ नकोस कोणाला. फक्त माणसं.

धाकटा: आणि टोकाकडची?

बाबा: ती माझी.

ताई: ती शेवटची आहेत, बाबा. शेडच्या जवळची. मी जाते तिकडे.

बाबा: तू काय सांगणार त्यांना? कातळ नाही म्हणून? ते मीच सांगायला पाहिजे.

धाकटा: बाबा, दगड घेऊ?

बाबा: कशाला?

धाकटा: माहीत नाही. घेऊ?

बाबा: राहू दे. घराबरोबर त्यांच्या जागी जातायत ते.

ताई: निघा रे आता! निघा!

धाकटा: दार ओढतो. ...लागत नाहीये, बाबा. आत्ताच तर तासलं होतंत ना तुम्ही?

बाबा: उघडं राहू दे. पळ तू. ...वहिनी! अहो वहिनी!

शेजारीण: कोण, भाऊजी? झालं का तुमचं दार तासून? सकाळपासून खरवड-खरवड चाललीय, डोकं उठलं माझं.

बाबा: वहिनी, बाहेर या.

शेजारीण: चहा टाकलाय, तुम्हीच आत या. शेड गेली ना? बघितलं मी, आधी घाबरलेच. मग म्हटलं, भाऊजी सांगतच होते, ती काय, भरावावर होती.

बाबा: गॅस बंद करा आणि बाहेर या.

शेजारीण: अहो, असे दारातच उभे काय? बसा आधी. आपल्या खाली कातळ आहे ना? तुम्हीच सांगितलंत. गाठोडं सोडायला लावलंत मला.

बाबा: सांगितलं होतं. चपला घाला, वहिनी.