एका बोटाचं कुंकू

मी मूळची लिंबागणेशची. आमच्या घरात यंत्र म्हणलं तर कडबाकुट्टी आन् विहिरीवरची मोटार, दुसरं काईच न्हाई, पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, माय सगळं घासूनपुसून पाटावर मांडायची, विळा, खुरपं, पाना, मोटारीचा फ्यूज काढून तो बी मांडायची, आन् हळदकुंकू वाहायची. म्हणायची, ज्याच्यावर आपलं पोट चालतंय त्याला वरसातून एकदा तरी हात जोडावा. सवय मला तिथली हाय. सवयीला मी नाव ठेवत न्हाई, चूक माझी हाय, ती सांगायलाच बसलेय, पण आधी भाईचं सांगते.

लग्न होऊन केजला आले. मालक गॅरेजात कामाला, पोरं शाळंत जायला लागल्यावर मी कम्प्युटरचा कोर्स केला आन् रफिकभाईच्या फोटो स्टुडिओत लागले. भाईच्या वडलांचा फळाचा गाडा होता, त्यातून भाईनं दुकान उभं केलं, लग्नाचे फोटो काढतेत, मी अल्बम लावते. पयल्याच वरसाच्या खंडेनवमीला भाई सोता झेंडू घेऊन आले, नारळ, पेढे, सगळं, आन् म्हणले ताई, कॅमेऱ्यांची पूजा तुमी करा, मला त्यातलं कळत न्हाई, उगं कमीजास्त व्हायला नको. तवापासून दर वरसाला सामान भाईचं आन् हात माझा. बाजारात लोक हसायचे, भाईला काई वाटायचं न्हाई.

आता सर्वरचं सांगते. दुकानातल्या सगळ्या कम्प्युटरचे फोटो एकाच डब्यात राहतेत, त्याला आमी सर्वर म्हणतो. लोखंडी डबा, आत चार डिस्का, एकीच्या खाली एक, फडताळातल्या ताटावानी. मागच्या साली जागा पुरंना, म्हणून दसऱ्याच्या जरा आधी बीडहून इंजिनियर साहेब आले, जुन्या डिस्का काढून मोठ्या बसवल्या, चारी एकसारख्या, वळखू यायच्या न्हाईत म्हणून आकडे लिहून कागद चिकटवले. मला उभं करून सांगितलं, ताई, एका फोटोचे तुकडे चारी डिस्कांवर राहतेत, म्हणून वरची वर, खालची खाली, जागा बदलायची न्हाई. मी म्हणलं हो साहेब. लई शहाण्यावानी मान हलवली, काय सांगू तुम्हाला, ती मान आठवली की आज बी कानशिलं तापतेत.

खंडेनवमीच्या दिवशी भाई धर्मापुरीला शूटिंगला गेलते. मी कॅमेरे पुसले, लायटी पुसल्या, आन् मनात आलं, सगळं दुकान ज्याच्यावर चालतंय त्याच्या नुसत्या झाकणावर फूल ठेवायचं का. डबा बंद केला, वरून एकेक डिस्क काढली, पाटावर उजवीकडून मांडत गेले. त्या कागदांचे कोपरे उचललेले, कडंला धूळ चिकटलेली. देवापुढं आसं कशाला ठेवायचं म्हणून नखानं खरवडून काढले चारी. ऐकायलाव ना तुमी? आकडे मीच काढले, माझ्या नखानं. आन् घरी पुरणाची डाळ शिजायला टाकून आलते, जीव तिकडं, तर ओल्या कुंकवात बोट एकदाच बुडवलं आन् एकाच बोटावर चारींना टेकवत गेले. माय आसती तर हातावर मारलं आसतं, ती म्हणायची दर वस्तूला बोट नव्यानं बुडवावं, देवाला उरलंसुरलं लावू नये.

आरतीला शेजारच्या दुकानातले लोक आले, दाटी झाली, कुणीतरी पाट सरकवायला म्हणून डिस्का उचलून कोपऱ्यात रचल्या. मी जाताना हाताला आल्या तशा डब्यात ढकलल्या. बटन दाबलं तर काळा पडदा आन् त्याच्यावर इंग्रजीत एकच ओळ, चालू व्हायला काईच सापडंना म्हणून. बंद करून परत लावलं, परत तीच ओळ.

दसऱ्याला भाई आले. मी म्हणलं भाई, सर्वर बंद पडलाय. येवढंच म्हणलं. भाईनं डबा उघडला, आत झेंडूची पाकळी पडलेली, डिस्कांवर कुंकू. बघितलं, पाकळी उचलून खिशात ठेवली, आन् इंजिनियरला फोन लावला. मला एक शबूद इचारला न्हाई. इचारलं आसतं तर बरं झालं आसतं.

दुसऱ्या दिवशी इंजिनियर साहेब डबा उघडून बसले, आन् तेवढ्यात युसूफ वडगाव ह्या गावची वैशाली आली, संगं तिचा चुलता. वैशालीच्या लग्नाचे फोटो उन्हाळ्यात आमीच काढलेले. नवरानवरी फोटो निवडून देत न्हाईत, त्यात महिने जातेत, अल्बम राहिला आन् पोळ्याच्या आधी तिचे वडील गेले, तात्या, बसल्या जागी गेले. त्या माणसानं जन्मात फोटो काढू दिला न्हाई, कॅमेरा दिसला की हात आडवा, माझा नको म्हणायचे. काढला तो ह्या लग्नातच. पोरगी तेवढ्यासाठी दोनदा येऊन गेलती, आन् दोन्ही येळंला मीच तिला म्हणलेलं, दसरा होऊ दे बाई, मग निवांत बस.

साहेब म्हणले, फोटो आत हायत, गेले न्हाईत, पण क्रम लागल्याशिवाय चालू व्हायचा न्हाई, आन् चुकीच्या क्रमानं जोडलं तर हा डबा आपल्याच मनानं फोटोंच्या वरच दुसरं लिहीत सुटंल, मग मात्र गेलं. कागद कुणी काढले? डिस्का कुणी हलवल्या?

भाई म्हणले, मी. पूजेला मीच काढल्या.

मी तिथंच उभी होते. भाई त्या दिवशी धर्मापुरीला होते हे मला ठाऊक, दुकानातल्या भिंतीला ठाऊक, आन् माझं तोंड उघडंना. चुलता लई तापला. म्हणला, तुमाला कुणी सांगितलती पूजा? तुमच्यात हाय का ते? जमत न्हाई तर करू नये माणसानं. भाईनं मान खाली घातली. अवं, ते बोलणं माझ्या वाट्याचं होतं. ज्या माणसानं हातानं झेंडू आणून दिला त्यानं ते ऐकून घेतलं, आन् मी, पूजा करणारी, टेबलाचा कोपरा धरून उभी.

साहेबांनी भाईला इचारलं, मग सगळ्यात वर कोणती होती? भाई डिस्कांकडं बघत राहिले. त्यांना काय म्हाईत? वैशाली म्हणली, आठवा ना भाई. रडत नव्हती, हळू म्हणली. तवा मला कळलं की भाईनं मला झाकलं, पण त्या झाकण्याखाली तात्या बी झाकला जायलाय.

मी म्हणलं, साहेब, भाई खोटं बोलायलेत. मी काढल्या. कागद बी मीच खरवडले. चुलता माझ्याकडं बघायला लागला, पण म्हणलं आता निघालंच हाय तर पुरं निघू द्या. वरची पयल्यांदा काढली, उजवीकडून मांडल्या, त्याच क्रमानं कुंकू लावलं, आन् बोट एकदाच बुडवलं, आळस केला, म्हणून पयलीवर गडद आसंल आन् शेवटलीवर नुसतं पुसट.

साहेबांनी चारी डिस्का उजेडात धरल्या. एकीवर लालभडक, दुसरीवर जरा कमी, तिसरीवर फिकं, चौथीवर बोटाचा नुसता वण. त्या क्रमानं बसवल्या, बटन दाबलं. मी डोळे मिटले. पंख्याचा आवाज आला, मग वैशालीचा, तात्या म्हणून.

फोटोत तात्या फेटा बांधायलेत, एक टोक दातात धरलंय आन् हसू आवरंना. पोरीनं पडद्याला हात लावला. चुलत्यानं टोपी काढली, लई येळ बघितलं, चहा घेतला आन् गेला, भाईला चुकलं आसं म्हणला न्हाई. त्याचं काय सांगू, मी तरी कुठं म्हणले त्या दिवशी. चार दिवस गेल्यावर म्हणलं, भाई, चुकलं माझं. तर म्हणले, ताई, तुमी बोललाव ना, झालं. झालं कसं? येळंवर बोलले आसते तर त्यांना ते ऐकावं लागलं नसतं.

औंदा मला वाटलं भाई पूजा बंद करतेल. तर खंडेनवमीला हजर, झेंडू, नारळ, पेढे. मी सर्वरला बाहेरूनच फूल वाहिलं, झाकणाला हात बी लावला न्हाई. भाई कॅमेरा घेऊन म्हणले, ताई, उभ्या रहा पाटाजवळ. मी हात आडवा केला, म्हणलं भाई, माझा नको. भाई हसले न्हाईत. म्हणले, तात्या बी आसंच म्हणायचे.

मग राहिले उभी. देव त्या माणसाला आवुक्ष देवो. बघा, हा तो फोटो, मान खालीच हाय माझी. पण उभी हाय.